बंदूक, बेडी आणि इतिहासाची साक्ष

अमेरिकेतील सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी वीस बालके आणि सहा शिक्षक-कर्मचारी गोळ्यांना बळी पडले, आणि शस्त्रांवर निर्बंध असावेत की नसावेत हा त्या देशाचा जुना वाद पुन्हा पेटला. पुढल्याच महिन्यात शस्त्रहक्काच्या एका कैवाऱ्याने दूरचित्रवाणीवर असे प्रतिपादन केले की, राष्ट्राच्या स्थापनेपासून कृष्णवर्णीयांना शस्त्र बाळगण्याचा अधिकार असता, तर गुलामगिरीचा अध्याय कदाचित लिहिलाच गेला नसता. प्रथमदर्शनी हा युक्तिवाद मोहक वाटतो, कारण तो दुर्बळाची बाजू घेत असल्याचा भास होतो. परंतु ज्याची जंगम मालमत्तेप्रमाणे खरेदी-विक्री होई, ज्याचे अपत्य जन्मतःच मालकाच्या खाती जमा होई आणि गोऱ्या माणसाविरुद्ध ज्याची साक्ष न्यायालयात ग्राह्य नसे, त्याला शस्त्राचा अधिकार असता असे म्हणणे म्हणजे तो गुलाम नसता तर गुलामगिरी नसती, एवढेच म्हणणे होय.

गुलामांची निःशस्त्रता ही कोणाची अनवधानाने राहून गेलेली उणीव नव्हती. ती कायद्याने घडविलेली आणि बंदुकीने राखलेली व्यवस्था होती. व्हर्जिनियाच्या १६८० च्या कायद्याने गुलामाला सोटा, तलवार वा बंदूक बाळगण्यास मनाई केली, आणि मालकाचा दाखला जवळ असल्याखेरीज त्याच्या जमिनीबाहेर पाऊल टाकण्यासही. साउथ कॅरोलिनात १७०४ पासून गस्तीची पथके नेमली गेली. गुलामांच्या झोपड्यांची झडती घेणे, शस्त्र आढळल्यास जप्त करणे आणि दाखल्यावाचून रस्त्यावर सापडलेल्यास फटके देणे हा पुढे या गस्तीचा शिरस्ताच झाला. १७३९ च्या ऑगस्टमध्ये त्याच वसाहतीने गोऱ्या पुरुषांना रविवारी चर्चमध्ये जातानाही शस्त्र जवळ ठेवण्याची सक्ती केली. म्हणजे ज्या मुलखात बंदूक नसल्यामुळे दास्य टिकले असे सांगितले जाते, तेथे प्रार्थनेच्या वेळीही बंदूक हजर होती. फक्त ती मालकाच्या खांद्यावर होती.

गुलामांच्या हाती शस्त्र कधी आलेच नाही, असेही नाही. सप्टेंबर १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी सुमारे वीस गुलामांनी दुकान फोडून बंदुका मिळविल्या आणि स्पॅनिश फ्लॉरिडाच्या दिशेने कूच केले. वाटेत त्यांना आणखी सोबती मिळाले, पण सायंकाळपूर्वीच वसाहतीच्या सशस्त्र जमावाने त्यांना गाठले, आणि पुढील वर्षीच्या कायद्याने गुलामांचे एकत्र जमणे आणि त्यांना लिहायला शिकवणेही दंडनीय ठरविले. हैतीच्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव करून अखेर विजय मिळविला हे खरे. परंतु तेथे त्यांची संख्या गोऱ्यांच्या दसपटीहून अधिक होती, आणि तरीही त्यांना तेरा वर्षे युद्ध करावे लागले. अमेरिकेत १८६० साली सुमारे तीन कोटी चौदा लक्ष लोकसंख्येत गुलाम चाळीस लक्षांच्या आसपास होते. त्यांच्या मुक्तीसाठी यादवी युद्धात लढलेले सुमारे एक लक्ष ऐंशी हजार कृष्णवर्णीय शिपाई सरकारी फौजेत दाखल होते. त्यांच्या बंदुकीमागे एका राज्यसत्तेचे बळ उभे होते.

ते बळ सरले तेव्हा काय झाले, याची साक्ष लुइझियानातील कोलफॅक्स गाव देते. मुक्तीनंतर मिसिसिपीने १८६५ मध्येच परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मुक्त कृष्णवर्णीयांना मज्जाव केला होता. तरी १३ एप्रिल १८७३ रोजी कोलफॅक्सच्या कचेरीचे रक्षण करणारे कृष्णवर्णीय नागरिक सशस्त्र होते. हल्लेखोरांनी तोफ आणली, कचेरी पेटविली, आणि शरण आलेल्यांनाही ठार केले. ज्या थोड्यांना शिक्षा झाली, त्यांचीही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटका केली. शस्त्रधारणेची दुसरी घटनादुरुस्ती केवळ केंद्रसत्तेला बांधते, असा निर्वाळा देऊन. महात्मा फुले यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली ती याच १८७३ साली. ज्या मुक्तीला त्यांनी अभिवादन केले, तिच्यावरचा हा घाला त्याच वर्षीचा.

कृष्णवर्णीयांच्या सशस्त्र आत्मसंरक्षणाची परंपरा खरी आणि तेजस्वी आहे; लिंचिंगविरुद्ध लेखणी झिजविणाऱ्या आयडा बी. वेल्स यांनी घरोघरी रायफल असावी असे निःसंकोच लिहिले. उलटपक्षी, दुसरी घटनादुरुस्ती निव्वळ गुलामांना दडपण्यासाठीच झाली, हे शस्त्रविरोधकांचे सरधोपट विधानही इतिहासकारांत विवाद्य आहे. तथापि १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात मुख्य न्यायाधीश टॉनी यांनी ही गाठ नकळत उलगडून ठेवली आहे: कृष्णवर्णीयांना नागरिक मानले तर ते वाटेल तेथे शस्त्रे घेऊन फिरतील, म्हणून त्यांना नागरिक मानता येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. नागरिकत्व आधी आणि शस्त्र मागाहून, हा क्रम गुलामगिरीच्या समर्थकाला उमगला होता. आजच्या कैवाऱ्यांनी तो उलटा केला की मालक, न्यायाधीश आणि गस्तवाले तिघेही दोषमुक्त होतात, आणि दास्याचा ठपका दासाच्या रित्या हातांवर येऊन पडतो.