पंचहौदाचं कॅथेड्रल आणि एक पेला चहा

हल्ली घरोघरी कुणी ना कुणी इंग्लंडला असतं. मुलगा-सून असेल, भाचा असेल, नाहीतर शेजारणीची लेक. त्यांचे फोटो आले, की त्यांत एक तरी फोटो उंच टोकदार कळसाच्या जुन्या चर्चपुढचा असायचाच. "हे इथलं कॅथेड्रल बरं का," असं ती मंडळी सांगतात. आपण "छान आहे हो" म्हणतो आणि पुढचा फोटो बघतो. पण कॅथेड्रल म्हणजे नेमकं काय, आणि ते आणि त्याच्याभोवतीचं शहर यांचं नातं कसं असतं, हे समजून घ्यायला विमानाचं तिकीट लागत नाही. लोणी काळभोरहून हडपसरमार्गे पुण्याची बस धरली तरी पुरे!

चर्च मोठं म्हणून कॅथेड्रल होत नाही. धर्मप्रांताचा प्रमुख असतो तो बिशप. त्याचं आसन ज्या चर्चमध्ये असतं, ते कॅथेड्रल. 'कॅथेड्रा' म्हणजे खुर्ची, एवढा साधा अर्थ. पण या खुर्चीला इंग्लंडात केवढा मान! जिथं कॅथेड्रल तिथं 'शहर', असा तिकडचा जुना रिवाज. वेल्स, इली ही आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ठिकाणं, पण कॅथेड्रल आहे म्हणून ती शहरं. आठव्या हेन्री राजानं १५४० च्या सुमारास नवे धर्मप्रांत पाडले, तेव्हा ग्लॉस्टर, पीटरबरो अशी गावंही शहरं म्हणवू लागली.

लोणीकर भगिनींना हे थेऊरवरून चटकन ध्यानात येईल. चिंतामणीचं देऊळ नसतं, तर हार-दुर्वांची ती दुकानं आणि चतुर्थीची ती गर्दी थेऊरला कशाला असती? थोरले माधवराव पेशवे शेवटच्या आजारात तिथंच येऊन राहिले, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तिथंच गेले, आणि रमाबाई सती गेल्या त्याही तिथंच. देवस्थानाभोवती गाव वाढतं आणि गावाचं सुखदुःखही त्याच्याच आवारात घडतं.

इंग्लंडमधलं सॉल्झबरी हे तर अक्षरशः कॅथेड्रलसाठी वसवलेलं शहर. आधीचं कॅथेड्रल ओल्ड सॅरम नावाच्या टेकाडावर होतं. तिथं वारा भणाणायचा, शेजारच्या किल्ल्यातल्या शिपायांशी कटकटी व्हायच्या आणि मुख्य म्हणजे पाण्याचे हाल. शेवटी कंटाळून पाद्रीमंडळी खाली नदीकाठच्या सपाटीवर उतरली. २८ एप्रिल १२२० रोजी नव्या कॅथेड्रलचा पाया घातला, तेव्हा एक दगड एला नावाच्या तिथल्या सरदारीणबाईंनी बसवला. पुढे वैधव्य आल्यावर या बाईंनी दुसरं लग्न केलं नाही. लेकॉक इथं जोगिणींचा मठ काढला आणि पुढे त्याच मठाच्या प्रमुख झाल्या. आठशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, बायांनो!

कॅथेड्रलबरोबर गाव आखलं गेलं आणि रस्त्यारस्त्यांतून पाण्याचे पाट खेळवले. सहा शतकं बायकांनी त्या पाटांवर पाणी भरलं असेल, धुणी धुतली असतील. शेवटी ते इतके घाण झाले, की १८४९ मध्ये पटकीची मोठी साथ आली आणि त्यानंतर ते बुजवून टाकले. कॅथेड्रलचा १२३ मीटर उंच कळस आजही ब्रिटनमध्ये सगळ्यांत उंच म्हणून मिरवतो. त्याच्या पायाशी मात्र पाण्याचीच गोष्ट आहे.

आता आपल्या पुण्यात या. इथं सगळं उलट घडलं. शहर आधी, पाणी आधी आणि कॅथेड्रल सर्वांत शेवटी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तळ्यातून नळ बांधून पाणी शहरात आणलं आणि पेठापेठांत हौद झाले. बदामी हौद, काळा हौद, फडके हौद ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरतात. जुन्या वेताळ पेठेत, म्हणजे आताच्या गुरुवार पेठेत, पाच हौदांवरून पंचहौद हे नाव पडलं.

इंग्रजांची बाकीची चर्च त्यांनी आपल्या लष्करापुरती कँपात बांधली. सेंट मेरीज १८२५ चं. सेंट पॅट्रिक्स १८५० चं, तेही मूळ आयरिश शिपायांसाठी, आता ते कॅथलिकांचं कॅथेड्रल आहे. पंचहौदाचं मिशन मात्र थेट पेठेत, वाड्यांच्या गर्दीत येऊन बसलं. १८७७ मध्ये वॉन्टेजच्या इंग्रज सिस्टर्स पुण्यात आल्या. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या याच सिस्टर्सच्या ओळखीनं, आणि त्यांच्याच वॉन्टेजच्या मठात उतरल्या. १८८५ मध्ये पंचहौदाचं 'पवित्र नाम' चर्च उभं राहिलं. शेजारचा उंच घंटाघराचा मनोरा आणि त्यातल्या इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा नंतरच्या.

आणि मग आला तो चहा. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनच्या शाळेत पुण्यातल्या नामवंत मंडळींना व्याख्यानासाठी बोलावलं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेला हातात धरून तसाच खाली ठेवला. घरी गेल्यावर बहुतेकांच्या तो लक्षातही राहिला नसता. पण गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि एकच गिल्ला झाला. मिशनऱ्याच्या हातचं पाणी प्यालात! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं ठरली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं.

पुरुषांच्या चरित्रांतून ही हकिगत अशी दोन-चार परिच्छेदांत आटपते. मला मात्र ती वाचताना त्या त्या घरातल्या बायका दिसतात. पेला उचलला यजमानांनी, तोही मित्रांच्या घोळक्यात, भिडेखातर. पण बहिष्कार म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात कळायचं. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही. हळदीकुंकवाला बोलावलं तरी कुणी येत नाही. मुलीचं स्थळ मोडेल ही धास्ती. सासरी असलेली लेक सणाला माहेरी धाडतील की नाही, याचा घोर. त्या चहात साखर किती होती कुणास ठाऊक, पण कडूपणा सगळा माजघरात उतरला. चौकशीत या बायकांना कुणी काही विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही. रमाबाई रानड्यांनी मात्र 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात या प्रकरणावर लिहिलं आहे. मित्रांची अडचण निवारावी म्हणून रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, आणि ते रमाबाईंना रुचलं नव्हतं. ते पान जरूर वाचा. वाचनालयात पुस्तक सहज मिळतं.

१९७० मध्ये निरनिराळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. पंचहौदाचं चर्च आज त्याच्या पुणे धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे. आता ते इंग्रजांचं राहिलेलं नाही. इथली उपासना मराठीत होते आणि बाकावर शेजारी बसलेल्या बाईंची नऊवारी तुमच्या आजीच्या नऊवारीसारखीच असायची. ख्रिस्ती झालेल्यांतही सगळ्या जातींची माणसं होती, पण मिशनच्या आवारात त्यांच्यासाठी पाणी एकच. चहावरून जी आग लागली, तिचं मूळ पाहायचं तर ते इथं.

बघायला जायचं असेल तर उपासनेची वेळ टाळून जा आणि आत जाण्याआधी आवारातल्या कुणाला तरी विचारा. फोटो विचारल्याशिवाय नको. मुलं बरोबर असली तर त्यांना आधीच सांगून ठेवा, की इथं घंटा आपण वाजवायची नसते! आत बोलणं हळू. बाहेर आलात की मान वर करून मनोरा नीट बघा.

तिथून पायी जाण्याजोग्या अंतरावर गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, फुले वाडा आहे. मंडईत भाजी घ्यायची घाई असली तरी तिथं वाकडी वाट करून जाच. याच घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना खुला केला होता. पंचहौदाच्या चहाच्या बावीस वर्षं आधी! तो चहा ज्या ऑक्टोबरात झाला, त्याच्या पुढच्याच महिन्यात, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव वारले. एकीकडे पेल्याला कुणाचे ओठ लागले याची चर्चा पेटत होती, आणि दोन गल्ल्यांपलीकडून निघालेल्या त्या अंत्ययात्रेपुढे टिटवं धरून सावित्रीबाई चालत होत्या.