वसंतातील बर्फ आणि पहाटेची वाट

मुळेच्या काठच्या खडकीत हिमवर्षाव होणे संभवत नाही. तथापि लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाचे हे ठाणे असल्यामुळे काश्मीर-लडाखच्या हिमाच्छादित सरहद्दीवर चाकरी करून आलेले जवान या वस्तीला नवे नाहीत, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे पुण्याकडील तरुण मंडळीही पाठपिशव्या बांधून हिमाचलातील सार पाससारख्या, सुमारे १३,८०० फूट उंचीच्या खिंडीकडे वळतात. सह्याद्रीच्या कातळावर तयार झालेल्या पायांची तेथे एका सर्वस्वी निराळ्या पदार्थाशी गाठ पडते.

नुकत्याच पडलेल्या हिमात नव्वद टक्क्यांच्या आसपास निव्वळ हवाच कोंडलेली असते. परंतु दिवसा वितळावे आणि रात्री गोठावे असा क्रम आठवडेच्या आठवडे चालला, म्हणजे त्या नाजूक षट्कोनी स्फटिकांची टोके झिजून त्यांचे जाड्या मिठासारखे टपोरे दाणे बनतात. दुपारी या दाण्यांभोवती पाण्याचे पातळ पटल असते व त्यांचा परस्परबंध सुटतो; रात्री तेच पाणी गोठून दाण्याला दाणा सांधते आणि वर कठीण कवच धरते. म्हणूनच ज्या उतारावर पहाटे बुटाचा चवडा पुनःपुन्हा आपटून पायरी करावी लागते, त्याच उतारावर दुपारी माणूस गुडघ्यापर्यंत रुततो.

हे कवच धरणे घड्याळावर नव्हे, तर रात्रीच्या आकाशावर अवलंबून असते, आणि नवख्यांच्या ध्यानात नेमकी हीच गोष्ट येत नाही. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात सोडून देते, ती इतकी की हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असतानाही पृष्ठभाग गोठतो. उलट आभाळ दाटले असता मेघ त्या उष्णतेचा मोठा हिस्सा परत धाडतात आणि पहाटेचे बर्फही भुसभुशीतच राहते. रात्री तंबूतून डोकावून तारे दिसतात की नाही एवढे पाहिले, तरी उद्याच्या वाटेचा निम्मा अंदाज येतो.

शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास ८० कॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि ताजे हिम तर ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवून लावते. त्यामुळे ते उन्हाळ्यातही टिकून राहते. हिमालयात असे टिकणारे हिम फार साचले तर मान्सून दुबळा पडतो, हा संबंध १८८४ साली हवामान खात्याचे हेन्री ब्लॅनफर्ड यांनी मांडला व मान्सूनचे आरंभीचे सरकारी अंदाज त्यावरच बेतले गेले. त्याच हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आली, आणि खडकीशेजारच्या शिवाजीनगरात तिची इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ या नावानेच ओळखली जाते.

जुने, धूळ बसलेले बर्फ मात्र निम्माच प्रकाश परतविते, आणि त्यातून डोके वर काढणारा काळा खडक ऊन शोषून आपल्या भोवतालचे बर्फ आतून पोखरतो; वरून अखंड दिसणाऱ्या त्या कडेवर पाय ठेवताच कंबरेइतकी पोकळी उघडते, म्हणून खडकाला लागून न जाता दुरून वळसा घ्यावा. ओढ्यावर साचलेल्या बर्फाच्या पुलाचा धोका याहून मोठा, कारण त्याला खालून वाहते पाणी व त्यासोबतची हवा झिजवीत असते, आणि वरच्या पांढऱ्या पृष्ठावर त्याचा मागमूसही नसतो. काठीने ठोकता पोकळ नाद आला, किंवा बर्फ मध्येच खचलेले दिसले, तर तो पूल सोडून द्यावा. उघड्या ओढ्याचे पाणीही दिवसभराच्या वितळण्याने दुपारनंतर चढत जाते. तेव्हा सायंकाळी त्यात उतरण्यापेक्षा मुक्काम अलीकडच्या काठी करावा व पाणी उतरल्यावर पहाटे पार व्हावे.