तीन बोटं तोंडात मावतात का?

तांबडा रस्सा ओरपणाऱ्या कोल्हापूरकराला साधी आमटीही झोंबू लागली, तर दोष मिरचीला देऊ नये. सुपारी-गुटख्यानं गालाची आतली त्वचा ताठरते. पुढं उभी तीन बोटंही तोंडात मावत नाहीत. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तंबाखू-चुना आणि मिश्री मात्र सुटलेली नाही.

तोंडाचा कर्करोग लवकर कळावा म्हणून महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, गाठ किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसला, तर दंतवैद्याला किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात दाखवा. छोटा तुकडा काढून तपासला की निदान पक्कं होतं. तुकडा काढल्यानं कर्करोग पसरत नाही. लवकर सापडलेली गाठ बहुधा शस्त्रक्रियेनंच निघते. उशीर झाला, तर किरणोपचार, केमोथेरपीही लागते.