वंशावळीची साधने आणि त्यांची पारख

१

आपल्या घराण्याची माहिती जमवावी, वंशावळ जुळवावी, ही हौस महाराष्ट्रात नवी नाही. विसाव्या शतकात, विशेषतः चित्पावन समाजातील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले. आमच्या विभागातील विद्यार्थीही अधूनमधून घरातील एखादे जीर्ण मोडी बाड घेऊन येतात आणि ‘एवढे वाचून द्या, म्हणजे वंशावळ पुरी होईल’ असे म्हणतात. कागद वाचून होतो. वंशावळ मात्र पुरी होत नाही. उलट, तोवर निश्चित वाटणाऱ्या दोन-तीन पिढ्याही शंकास्पद ठरतात. या शंका कशामुळे उद्भवतात आणि हौशी अभ्यासकाने त्यांचे निरसन कोणत्या मार्गाने करावे, याचे दिग्दर्शन करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच हे ध्यानात घ्यावयास हवे की, जुनी वंशावळ हौसेपोटी लिहिली गेलेली नाही. ती हक्कापोटी लिहिली गेली. वतनाचा तंटा गोतसभेपुढे उभा राहिला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे घराण्याची व वतनाची पूर्वापार हकीकत, लिहून देत. रोहिडखोऱ्यातील कारीच्या जेधे देशमुखांचा करीना अभ्यासकांस परिचित आहे. इंग्रजी अमलात १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने इनामांची चौकशी चालविली, तेव्हा घरोघरच्या कैफियती व वंशावळी नव्याने लिहिल्या गेल्या. राजकुळेही याला अपवाद नव्हती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. राजवंशाची प्रतिष्ठा चिरस्थायी करणे हाही त्यामागील एक हेतू होता, असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून निघणारे अनुमान साधे, पण महत्त्वाचे आहे. हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या वंशावळीत हक्कदार तेवढेच येतात. ज्यांना हिस्सा नव्हता ते गळतात. त्यांना कोणी मुद्दाम खोडलेले नसते; त्यांची तेथे गरज नसते, एवढेच.

२

प्रस्तुत लेखकाच्या घरचेच उदाहरण येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. ‘मूळ तिघे भाऊ घाटावर आले’ अशी आमच्याकडे परंपरागत समजूत होती. इनाम चौकशीच्या वेळी दाखल केलेल्या वंशावळीची जी नक्कल घरात आहे, तिच्यात मात्र दोघेच भाऊ आहेत. तीन भावांच्या कथा पुष्कळ घराण्यांत आढळतात. तेव्हा ही लोककथा समजावी आणि कागद प्रमाण मानावा, असे आम्ही ठरवून टाकले. कागद हा मुखापेक्षा अधिक विश्वसनीय, ही आम्हां अध्यापकांची सवयच असते.

पुढे काही वर्षांनी नाशिक येथे आमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी पाहण्याचा योग आला. तीत शके १७६८ (इ. स. १८४६) ची एक नोंद निघाली. एक विधवा स्त्री जावयासह अस्थिविसर्जनासाठी आली होती. तिने पती, सासरे, आजेसासरे यांची नावे सांगितली होती, दोन दीर सांगितले होते आणि शेवटी दोन मुलींची नावे व त्यांची सासरची गावे सांगितली होती. सासऱ्यांचे आणि दोन्ही दिरांचे नाव आमच्या वंशावळीशी तंतोतंत जुळते. तिचा पती हाच तिसरा भाऊ. त्याला पुत्र नव्हता. म्हणून नंतर झालेल्या चौकशीत त्याची शाखा दाखविण्याचे कोणास प्रयोजन उरले नाही. घरातील वृद्धांची गोष्ट खरी होती आणि सरकारदरबारी दाखल झालेला कागद अपुरा होता. त्या स्त्रीचे माहेरचे नाव अद्याप मिळालेले नाही.

या प्रकरणातून आम्ही जो धडा घेतला, तो असा : साधन अस्सल आहे की दुय्यम, एवढे विचारून भागत नाही, ते कोणी, कोणापुढे आणि कशासाठी लिहिले, हेही विचारावे लागते. उपाध्यायांच्या वहीत नाव सांगणाऱ्याला हिस्सा मागावयाचा नसतो. पितरांचे स्मरण करावयाचे असते. म्हणून तिच्यात मुली, सुना व निपुत्रिक भाऊ यांना जागा मिळण्याचा संभव अधिक. अर्थात तिथेही तीन-चार पिढ्यांपलीकडची नावे सांगणाऱ्याच्या स्मरणावर अवलंबून असतात, हे विसरता कामा नये.

३

भाषेच्या अभ्यासकाला या क्षेत्रात विशेष काम आहे. कारण वंशावळीचा मूळ घटक व्यक्ती नसून नाव हा आहे, आणि नाव फसवे असते.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल सर्वपरिचित आहे. पेशव्यांच्या वंशात बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ आणि नातू बाळाजी बाजीराव असा क्रम आहे. पित्याच्या नावाच्या जागी ‘बाळाजी’चे ‘बल्लाळ’ होते, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे बाळाजी बाजीरावांचे पुत्र माधवराव हेही ‘माधवराव बल्लाळ’ होतात. पूर्वज्ञान नसलेल्या वाचकाने केवळ नामसादृश्यावरून बाजीराव बल्लाळ व माधवराव बल्लाळ यांना सख्खे भाऊ ठरविले, तर त्यात नवल नाही. वास्तविक ते आजोबा व नातू होत. पेशव्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक असते म्हणून आपण चुकत नाही. सामान्य कुटुंबात अशी चूक सहज होते आणि दोन पिढ्या नाहीशा होतात.

आडनावाचीही तीच स्थिती. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, सबनीस ही मुळात पदनामे आहेत. ती समान असल्याने रक्तसंबंध सिद्ध होत नाही. एकाच घराण्याची एक शाखा पदनामाने आणि दुसरी गावावरून ‘कर’ प्रत्यय लावून ओळखली जाते, असेही पुष्कळदा घडते. शाळेच्या दाखल्यात जे लिहिले गेले ते पुढे कायम झाले. जुन्या कागदांत तर आडनावाऐवजी ‘बिन’ किंवा ‘वलद’ या शब्दांनी पित्याचे नाव जोडलेले असते आणि स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लिहून पतीचे. नाना, तात्या, अण्णा, भाऊ ही घरगुती नावे पत्रांत सर्रास येतात. त्यांपैकी कोणते नाव कोणाचे, हे घरातील वृद्ध हयात असतानाच विचारून ठेवणे इष्ट. ‘बंधू’ हा शब्दही सख्ख्या, चुलत व मावस अशा सर्व भावांना लागतो.

४

लिपी व कालगणना या दोन बाबींचा उल्लेख करणे अवश्य आहे. मोडी लिपीत शब्द तोडून लिहीत नाहीत, आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही सामान्यतः पाळलेला नसतो. त्यामुळे अपरिचित नावाचे वाचन एकाने करून भागत नाही, दोघांनी स्वतंत्रपणे करून मग ताडून पाहावे.

कालाच्या बाबतीत शके सालात ७८ किंवा ७९ मिळविले की इसवी सन येतो. सुहूर सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो व त्यात ५९९ किंवा, जानेवारीपासूनच्या महिन्यांकरिता, ६०० मिळवावे लागतात. तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१, अर्थात १७६०-६१. पानिपतचा १४ जानेवारी १७६१ चा संग्राम याच सालातला. दक्षिणेतील फसली सनही मृगापासूनच धरीत, परंतु त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावयाचे असतात. सुहूर समजून फसली वाचल्यास नऊ वर्षांचा फरक पडतो आणि मुलाचा जन्म पित्याच्या विवाहाच्या आधी जातो. असा विपरीत क्रम दिसताच प्रथम सन तपासावा, घराण्यावर शंका घेऊ नये.

५

संग्रहाची पद्धती साधी असावी. प्रत्येक व्यक्तीस एक स्वतंत्र पत्र व एक क्रमांक द्यावा. नाव सारखे असले तरी क्रमांक सारखा नसतो. पत्रावर मूळ नोंद जशीच्या तशी उतरावी, तिच्याखाली आपले वाचन द्यावे आणि अनुमान त्याहून निराळे लिहावे. पिता-पुत्र संबंध दाखविणाऱ्या प्रत्येक रेषेला आधार कोणता, हे नमूद करावे. दोन परस्परनिरपेक्ष साधने मिळाली तर रेषा अखंड ओढावी. एकच असेल तर तुटक. ज्या वंशवृक्षात एकही तुटक रेषा नाही, त्याविषयी मनात संशय धरावा.

शोधाचा क्रम आपल्यापासून मागे जाणारा असावा. प्रसिद्ध पूर्वजापासून खाली येणारा नव्हे. वृद्धांचे कथन, शाळेचे रजिस्टर, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुक, जमिनीचे फेरफार व वारस नोंदी, तदनंतर उपाध्यायांच्या वह्या आणि शेवटी पुणे पुराभिलेखागारातील दप्तरे, असा मार्ग सामान्यतः सोयीचा पडतो. ज्या घरांत कागद नाहीत त्यांनी निराश होऊ नये. महजरांवर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदार व महार यांचीही साक्ष असे. अक्षरओळख नसलेला साक्षीदार नांगरासारखी आपल्या व्यवसायाची निशाणी करी. ती निशाणीही पुरावाच होय.

६

परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. तथापि वंशावळीचा हक्काशी असलेला संबंध पूर्णपणे सुटला असे नाही. जातप्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी आजही वंशावळ सादर करावी लागते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात जुनी मोडी दप्तरे मोठ्या प्रमाणावर पुन्हा उघडली गेली आहेत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावे दिसू लागतात, ती पुष्कळदा हक्कसोड लिहून देण्यापुरतीच. नाव लिहिले जाते ते हक्क उत्पन्न झाला म्हणून, आणि ते पुसले जाते तेही हक्कामुळेच.

म्हणून छंद म्हणून केलेल्या वंशशोधाला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याला काही मिळवावयाचे नाही आणि काही सिद्ध करावयाचे नाही, तोच निपुत्रिक भावाची, परगावी दिलेल्या मुलीची व माहेरचे नाव हरवलेल्या सुनेची जागा मोकळी ठेवू शकतो. आमच्या वंशवृक्षात आता तिसऱ्या भावाची रेषा काढली आहे. तिला एकाच नोंदीचा आधार आहे. म्हणून ती तुटक आहे, आणि दुसरा आधार मिळेपर्यंत ती तशीच राहील.