कर्णबधिर मुलाचे शिक्षण : पैसे पाठवण्यापूर्वी



आम्ही अल नहदात राहणारी बेने इस्राएल मंडळी. ही वस्ती अर्धी दुबईत आणि अर्धी शारजात आहे. 2020 च्या करारानंतर लोद, अशदोद, दिमोनाहून आमचे काका-मावशी सरळ विमानाने इथे येऊ लागले. त्यांच्याकडून दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. भारतातल्या एखाद्या बहिऱ्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च आम्हाला उचलता येईल का? आणि पैसे तुमच्या हाती दिले तर तुम्ही ते पाठवाल का? पहिल्याचे उत्तर हो, दुसऱ्याचे नाही. असे का, ते इथे सांगतो.

आधी मुलाची गरज पाहू. ऐकणारे मूल घरातले बोलणे कानावर पडूनच मराठी शिकते. बहिऱ्या मुलापर्यंत ते पोचत नाही, आणि बहुतेक बहिऱ्या मुलांचे आईवडील ऐकणारे असल्यामुळे घरात खुणांची भाषाही नसते. मग मूल पाच-सहा वर्षांचे झाले तरी त्याच्याजवळ ‘काल’ आणि ‘उद्या’ यांना शब्द नसतो. ते मूल मंद नसते, त्याला भाषा मिळालेली नसते. पहिल्या काही वर्षांत भाषा मिळाली, बोलून किंवा खुणांनी, तर पुढची शाळा सोपी जाते. उशीर झाला तर ते नुकसान नंतर पैशाने पुरते भरून निघत नाही.

सरकार काहीच करत नाही, असे समजू नये. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणापुढील अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबाला श्रवणयंत्र सरकारी योजनेतून मिळते. वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे कानाची तपासणी होते आणि कर्णबधिरांच्या शिक्षकांना प्रशिक्षणही मिळते.

मग आपल्या पैशाचे काम काय? यंत्र मिळते, पण त्याच्या बॅटऱ्या संपतात. मूल वाढते तसा कानात बसणारा साचा लहान होतो आणि पुन्हा करून घ्यावा लागतो. यंत्र बिघडले की दुरुस्ती आली. गावातून तालुक्याला जायचे तर आई आणि मूल दोघांचे एस. टी.चे भाडे लागते, शिवाय आईची त्या दिवसाची मजुरी बुडते. मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून, आणि भाषेची खरी गरज त्याच्या आधीची. दहावीनंतर आयटीआय किंवा कॉलेजात गेले तर वर्गात काय चालले आहे ते खुणांनी सांगणारा दुभाषा हवा. अशा लहान खर्चांपायीच शाळा सुटते, आणि आपली मदत तिथेच कामी येते.

शाळा निवडताना एक गोष्ट अवश्य विचारा : खुणांची भाषा शिकवता का, आणि आईवडिलांनाही शिकवता का? ही भाषा जगभर एक नाही. 1932 साली जेरुसलेमला बहिऱ्यांची शाळा निघाली, तिच्यामार्फत इस्राएलच्या खुणांवर जर्मन खुणांचा प्रभाव पडला. भारतीय खुणांची भाषा वेगळी आहे. तिच्यासाठी 2015 मध्ये दिल्लीत सरकारी केंद्र स्थापन झाले आणि तिचा शब्दकोशही तयार झाला आहे.

आता पैशाची वाट. येथे पासपोर्ट महत्त्वाचा. इस्राएलचे नागरिकत्व घेतलेल्या माणसाची देणगी भारतीय कायद्याने ‘परकीय देणगी’ ठरते. त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी हाच नियम. अशी देणगी परकीय देणगी कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. तीही फक्त त्या संस्थेच्या दिल्लीतील स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतल्या खास खात्यात. नोंदणी पाच वर्षांची असते, म्हणून क्रमांक आणि मुदत दोन्ही विचारून घ्या. गावची शाळा चांगली असेल, पण ही नोंदणी नसेल तर तुमचे शेकेल घेऊन ती अडचणीत येईल.

भारतीय पासपोर्टवर आखातात नोकरी करणाऱ्या भाच्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पण मावशीचे शेकेल आपले म्हणून पाठवले तर ती फसवणूक झाली. शिवाय अमिरातीत परवान्याशिवाय देणग्या गोळा करायला कायद्याने मनाई आहे. 2021 च्या कायद्याने ही मनाई आणखी कडक केली. इमारतीत पेटी फिरवणे किंवा व्हॉट्सअॅपवर आवाहन करणे यात दंडाचा धोका आहे. म्हणून वडीलधाऱ्यांनी हा भार भाच्यावर टाकू नये. नोंदणीकृत संस्थेला थेट द्यावे.

किती द्यायचे यापेक्षा किती वर्षे द्यायचे, हे आधी ठरवा. पहिलीला सुरू केलेली मदत चौथीला थांबली तर मुलाला आधार सुटल्यासारखे होते. वयाचा भरवसा नसेल तर चार-पाच घरांनी मिळून दहावीपर्यंतची जबाबदारी घ्यावी, म्हणजे एक हात थकला तरी दुसरे आहेत. मुलाचे फोटो आणि आभाराची पत्रे मागू नका. वर्षातून एकदा शाळेकडून हजेरी, प्रगती आणि हिशेब आला की पुरे. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसावेत, ही त्सदाकाची वरची पायरी रामबामने सांगितली आहे. त्याहून वरची, माणसाला स्वतःच्या पायावर उभे करण्याची. बहिऱ्या मुलाचे शिक्षण हे नेमके त्या पायरीचे काम आहे.

आपल्यासाठीही हे कोणी केले होते. हायीम सॅम्युएल केहीमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या इस्राएली शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनने मदत केली. पुढे तीच माझगावची सर एली कदूरी शाळा झाली, आणि तिथे आपल्यापैकी कित्येक जण शिकले. ती फी ज्यांनी भरली त्यांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत. बहिऱ्या मुलांसाठी मुंबईतली जुनी संस्थाही त्याच माझगावात, 1880 च्या दशकात उभी राहिली. आईवडिलांच्या स्मृतिदिनी किंवा मलिद्याच्या वेळी काही द्यायचे मनात आले, तर शाळेला आधी तीनच गोष्टी विचारा : एफसीआरए क्रमांक, खुणांची भाषा आणि दहावीपर्यंतचा खर्च.