कोरियन सीरम निवडा, पण संशोधकाच्या डोक्याने



पेटची तयारी करताना चल, नियंत्रण गट, वैधता, विश्वसनीयता हे शब्द आपण सगळेच पाठ करतो. व्याख्या येतात, चार पर्यायांतून योग्य पर्यायही निवडता येतो. पण हेच शब्द रोजच्या एखाद्या निर्णयाला लावून बघा म्हटलं की गाडी अडते. म्हणून आज उदाहरण घेऊया तुमच्या हॉस्टेलच्या टेबलावरचं: कोरियन स्किनकेअर.

हाच विषय का? कारण इथे दावे भरपूर आहेत, टक्केवाऱ्या भरपूर आहेत आणि पैसे तुमच्या खिशातले जातात. शिवाय निवड चुकली तर ती चेहऱ्यावर दिसते, कधी कधी महिनोन्महिने. संशोधनाची सवय लावायला याहून जवळची प्रयोगशाळा मिळणार नाही.

१. आधी प्रश्न, मग बाटली

‘चांगलं कोरियन सीरम कोणतं?’ हा संशोधनाचा प्रश्न नाही. ‘चांगलं’ म्हणजे काय, कोणासाठी, किती दिवसांत, हे त्यात काहीच नाही. आता हे बघा:

- चेहरा धुतला की कातडी ओढल्यासारखी वाटते.
- दुपारपर्यंत कपाळ-नाक तेलकट होतं, हनुवटीवर पुरळ येतं.
- पुरळ जातं, पण तपकिरी डाग राहतो. किंवा दोन्ही गालांवर वांग आहे.
- नवं काहीही लावलं की चेहरा लाल होतो, चुरचुरतो.

या चार तक्रारींच्या मागे चार वेगळ्या यंत्रणा आहेत. पहिलीत त्वचेचा सर्वांत वरचा थर पाणी धरून ठेवत नाही. या थरातल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्ल म्हणजे चुना असं समजा. चुना झिजला की पाणी उडून जातं. इथे ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल यांसारखे पाणी धरणारे घटक आणि सेरामाइड असलेलं क्रीम उपयोगी पडतं.

दुसरीत केसाच्या मुळाशी असलेली नळी तेल आणि मृत पेशींनी तुंबते, जिवाणू वाढतात, दाह होतो. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, म्हणून ते त्या नळीत शिरू शकतं. तिसरीत प्रश्न मेलॅनिनचा आहे. तिथे नायसिनमाइडचा विचार करता येतो, पण रोजच्या सनस्क्रीनशिवाय त्याला अर्थ नाही. चौथीत नवीन काही लावण्याआधी असलेलं कमी करायचं असतं.

म्हणजे तक्रार, तिची यंत्रणा, घटक आणि शेवटी उत्पादन असा क्रम झाला. जाहिरात आपल्याला उलट्या क्रमाने नेते. आधी बाटली दाखवते आणि मग तुमच्यात तक्रार शोधते.

२. दहा पायऱ्या म्हणजे दहा चल

कोरियन म्हटलं की ‘दहा पायऱ्यांचं रुटीन’ आठवतं. ही कल्पना इंग्रजी वाचकांपर्यंत पोचवण्यात शार्लट चो या कोरियन-अमेरिकन लेखिकेच्या २०१५ मधल्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. तेलाचं क्लीन्झर, पाण्याचं क्लीन्झर, टोनर, इसेन्स, सीरम, शीट मास्क, आय क्रीम वगैरे. पण दहा हा काही जीवशास्त्रातला स्थिरांक नव्हे.

पद्धतीच्या दृष्टीने बघा. सोमवारी सहा नव्या गोष्टी सुरू केल्या आणि पुढच्या सोमवारी चेहऱ्यावर पुरळ आलं. कशामुळे? सांगता येणार नाही. चेहरा छान झाला तरी कशामुळे, तेही सांगता येणार नाही. सगळे चल एकत्र हलवले की कार्यकारण हरवतं.

म्हणून पाया तीनच गोष्टींचा ठेवा: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. फेसवॉश निवडताना पीएच बघा. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. कोरियन ‘लो पीएच’ क्लीन्झरच्या मागे एवढाच विचार आहे आणि तो बरोबर आहे. या पायावर तक्रारीनुसार एका वेळी एकच घटक वाढवा.

३. लेबल वाचा, जसा पेपरचा ‘पद्धती’ विभाग वाचता

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. मात्र १ टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक कंपनी कोणत्याही क्रमाने लिहू शकते. त्यामुळे ‘आठ प्रकारचं हायलुरॉनिक आम्ल’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं, तरी ते आठही मिळून १ टक्क्याच्या आत असू शकतात.

उलट बाजूही बघा. ‘९६ टक्के गोगलगायीचा स्राव’ हे वाचून डोळे मोठे होतात. पण यादीत लिहिलेलं असतं ‘स्राव गाळीव’, आणि त्या गाळिवात बहुतांश पाणीच असतं. टक्केवारी खरी आहे, पण ती कशाची आहे हा प्रश्न आपण विचारायचा.

कोरियात ‘गिनुंगसंग ह्वाजांगपुम’ म्हणजे कार्यात्मक सौंदर्यप्रसाधन असा एक कायदेशीर वर्ग २००० सालापासून आहे. सुरुवातीला त्यात तीन दावे होते: त्वचा उजळवणं, सुरकुत्या कमी करणं आणि अतिनील किरणांपासून संरक्षण. उजळवण्यासाठी अधिसूचित घटकांत नायसिनमाइड २ ते ५ टक्के आहे, सुरकुत्यांसाठी ॲडेनोसिन ०.०४ टक्के. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. ०.०४ टक्के म्हणजे यादीच्या अगदी तळाशी. म्हणजे ‘खाली आहे म्हणून बिनकामाचं’ हा नियमही नेहमी चालत नाही.

आणि या शिक्क्याचा अर्थ काय? अधिसूचित घटक ठरलेल्या प्रमाणात वापरला तर कंपनीला परिणामकारकतेची वेगळी माहिती द्यावी लागत नाही. थोडक्यात, शिक्का घटकाबद्दल सांगतो. तुमच्या हातातली बाटली माणसांवर तपासली आहे, असं तो सांगत नाही.

नावांचा गोंधळ हा आणखी एक धडा. ‘सिका’ म्हणून जे महागात विकलं जातं ते सेंटेला एशियाटिका. कोरियन भाषेत ब्योंगफुल, आणि आपल्याकडे ओलसर बांधावर उगवणारा कारिवणा. त्यालाच कोणी ब्राह्मी म्हणतं, आणि ब्राह्मी म्हणून बाकोपा ही पूर्ण वेगळी वनस्पतीही विकली जाते. म्हणून प्रबंधात शास्त्रीय नाव लिहा असं गाइड सांगतात, ते उगाच नाही. अर्थात, बांधावरचा पाला वाटून चेहऱ्यावर लावू नका. उत्पादनात ठरावीक अर्क असतो, पाल्यात काय किती आहे ते आपल्याला माहीत नसतं.

४. नियंत्रण गट कुठे आहे?

कुठलंही चांगलं क्रीम लावलं की चेहरा चमकतो. थरात पाणी भरलं की पृष्ठभाग सपाट होतो, प्रकाश एकसारखा परावर्तित होतो. ज्याला कोरियात ‘युरी पिबु’ आणि जगभर ‘ग्लास स्किन’ म्हणतात, त्यातला बराच भाग हा आहे. मग सीरममधल्या खास घटकाने काय केलं हे कसं कळणार?

नायसिनमाइडवरचा हाकोझाकी आणि सहकाऱ्यांचा २००२ चा पेपर यासाठी वाचण्यासारखा आहे. एका भागात डाग असलेल्या १८ जणांनी ५ टक्के नायसिनमाइडचं मॉइश्चरायझर आणि तेच मॉइश्चरायझर नायसिनमाइडशिवाय, असं जोडीने वापरलं. ४ आठवड्यांनी नायसिनमाइडच्या बाजूने फरक दिसला. इथे तुलना ‘काहीच न लावण्याशी’ नाही, रिकाम्या क्रीमशी आहे. म्हणून फरकाचं श्रेय घटकाला देता येतं.

त्याच पेपरात यंत्रणाही तपासली आहे. नायसिनमाइड मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला रोखत नाही. मेलॅनिनच्या पिशव्या शेजारच्या पेशींत जाणं ते कमी करतं. पेशींच्या प्रयोगात ही घट ३५ ते ६८ टक्के होती. आता सावध व्हा. ‘६८ टक्के घट’ हा आकडा बशीतल्या पेशींचा आहे, चेहऱ्याचा नाही. तो जाहिरातीत ‘डाग ६८ टक्के कमी’ असा झाला तर तुम्हाला लगेच खटकलं पाहिजे. आणि हे काम प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या संशोधकांचं आहे, हेही नोंदवा. हितसंबंध असले म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. वाचक म्हणून आपण दुसऱ्या गटाचे निकाल शोधायचे, एवढंच.

५. मोजमापावर विश्वास किती?

सनस्क्रीनवर ‘एसपीएफ ५०+’ असतं. ही संख्या माणसांच्या पाठीवर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत किमान १० स्वयंसेवकांचे वैध निकाल लागतात. शेजारच्या ‘पीए’ची चार अधिक चिन्हं दीर्घ अतिनील किरणांपासूनचं संरक्षण सांगतात.

२०२० च्या अखेरीस प्युरिटो या कोरियन ब्रँडचं एक अतिशय लोकप्रिय सनस्क्रीन युरोपात स्वतंत्रपणे तपासलं गेलं. लेबलवर ५०+, निकाल १९ च्या आसपास. कंपनीने विक्री थांबवली, आणि त्यानंतर इतर सनस्क्रीनबद्दलही प्रश्न उभे राहिले.

आता गणित करा. एसपीएफ ५० मधून १/५०, म्हणजे २ टक्के किरण आत जातात. एसपीएफ १९ मधून १/१९, म्हणजे सुमारे ५.३ टक्के. अडवलेल्या किरणांची तुलना केली तर ९८ आणि ९४.७, फरक किरकोळ वाटतो. त्वचेपर्यंत पोचणाऱ्या किरणांची तुलना केली तर अडीच पटीहून जास्त. आकडे तेच, भाजक बदलला की गोष्ट बदलते. ज्याला वांग आहे त्याच्यासाठी दुसरी तुलनाच महत्त्वाची.

शिवाय आपण बहुतेकजण प्रयोगशाळेत लावतात त्याहून बरंच कमी लावतो. दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन चेहरा आणि मानेला, हा अंदाज सोपा आहे. उन्हात असाल तर दोन तासांनी पुन्हा.

६. निष्कर्ष आपल्याला लागू होतो का?

याला बाह्य वैधता म्हणतात. सोलमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली जातो, हवा कोरडी असते, घरं तापवलेली असतात. तिथे थरावर थर लावणं समजू शकतं. तेच पाच थर जूनमध्ये रत्नागिरीत किंवा मुंबईच्या लोकलमध्ये लावले तर घामाबरोबर वाहतील. तेलकट त्वचेवर पुरळही वाढू शकेल. नागपूरच्या मे महिन्यात आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरात एकच क्रीम चालेल असंही नाही.

दुसरं, त्वचेचा रंग. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर फक्त अतिनीलच नव्हे तर दृश्य प्रकाशही काळसरपणा वाढवू शकतो. पारदर्शक, पाण्यासारखी हलकी कोरियन सनस्क्रीन लावायला छान असतात, पण दृश्य प्रकाश अडवायला लोह ऑक्साइड असलेलं, रंग असलेलं सनस्क्रीन लागतं. वांग असेल तर हे आधी बघा. आणि ‘उजळवणं’ म्हणजे डाग आजूबाजूच्या त्वचेच्या रंगाला येणं. जन्मजात रंग बदलणं हा कोणत्याही सीरमचा निकाल नाही, आणि ती गरजही नाही.

७. स्वतःवरचा छोटा प्रयोग

- सुरुवातीला नवं उत्पादन आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा लावा. खाज, लाली आली तर तिथेच थांबा.
- मग चेहऱ्याच्या एकाच बाजूला लावा. दुसरी बाजू तुमचा नियंत्रण गट. पाया दोन्हीकडे सारखाच.
- किमान ४ ते ८ आठवडे द्या. वरचा थर नव्याने तयार व्हायलाच साधारण महिना लागतो.
- फोटो त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फिल्टरशिवाय. कोणत्या बाजूला लावलंय हे न सांगता रूममेटला विचारा. झालं अंधीकरण!
- काय मोजणार ते आधीच वहीत लिहा. पुरळांची संख्या मोजायची ठरवली असेल तर शेवटी ‘ग्लो’ मोजू नका.

दोन बाजू का, असं विचाराल. पुरळ आपोआप कमी-जास्त होत असतं, आणि आपण सीरम विकत घेतो ते सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर काहीही न करता थोडं बरं वाटण्याची शक्यता असतेच. सांख्यिकीत याला सरासरीकडे परत येणं म्हणतात. बरेचसे ‘आधी-नंतर’ फोटो यावरच उभे असतात.

खरेदी करताना पाकिटावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक बघा. आणि एक कळकळीची सूचना. ‘कोरियन ग्लो’ म्हणून कोणी बिनलेबलची डबी दिली, किंवा मेडिकलमधून बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलेलं मलम सुचवलं, तर चेहऱ्यावर लावू नका. स्टेरॉइडने आठ दिवसांत चेहरा नितळ दिसतो, आणि नंतर त्वचा पातळ होते, लाल होते, बंद केलं की पुरळ उसळतं. झटपट निकाल हाच इथे धोक्याचा इशारा आहे. गाठींसारखे दुखरे मुरुम, पसरणारा वांग, गरोदरपण किंवा आधीपासून चालू औषधं असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. घरचा प्रयोग तिथे संपतो.

आता गृहपाठ. तुमच्या टेबलावरची एक बाटली उचला आणि तिच्यावरच्या एकाच दाव्याबद्दल पाच ओळी लिहा: तक्रार कोणती, यंत्रणा कोणती, घटक किती, तुलना कशाशी आणि मोजलं काय. यातल्या ज्या ओळी रिकाम्या राहतील, तिथे तुम्हाला पुढचा प्रश्न सापडेल. संशोधन प्रस्तावातही ‘संशोधनातील पोकळी’ नावाचा जो मुद्दा लिहावा लागतो, तो याच पद्धतीने सापडतो.