रानपिंगळा : एका नावाची व एका पक्ष्याची शोधकथा

पक्ष्यांची नोंद ठेवणे हे काम वरकरणी डोळ्यांचे व दुर्बिणीचे वाटते; परंतु ते तितकेच शब्दांचेही आहे. पाहिलेला पक्षी कोणत्या नावाने व कोणत्या स्थळाच्या निर्देशासह लिहिला गेला, यावर त्या नोंदीचे सारे मोल अवलंबून असते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात 2014 साली आढळलेल्या रानपिंगळ्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

या पक्ष्याचा पहिला नमुना 1872 साली एफ. आर. ब्लूइट यांनी आजच्या छत्तीसगडच्या प्रदेशात मिळविला. पुढील वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून ब्लूइट यांचेच नाव त्यास दिले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन यांना खानदेशात शहाद्याच्या आसपास काही नमुने मिळाले. 1884 नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसाच झाला. संग्रहालयांतील मोजके नमुने, एवढाच काय तो त्याच्या अस्तित्वाचा पुरावा उरला.

तथापि एक नोंद याहून अलीकडची होती. कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावरील चिठ्ठीनुसार तो 1914 साली गुजरातेत मांडवी येथे मिळालेला होता. साहजिकच शोधकांची पावले तिकडे वळली आणि रिकाम्या हातांनी परतली. पुढे पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. तो मुळात डेव्हिडसन यांनी मिळविलेला असून, ब्रिटिश संग्रहालयातून पळवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून मांडलेला होता, असे निष्पन्न झाले. पक्षी खरा, चिठ्ठी खोटी! रासमुसेन यांनी ती चिठ्ठी बाजूस सारली व जुन्या, विश्वसनीय स्थळांकडे मोर्चा वळविला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना व त्यांचे सहकारी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मधे 113 वर्षे लोटली होती. खोट्या शब्दाने वाट चुकविली आणि खऱ्या शब्दाने ती दाखविली, असेच येथे म्हणावे लागते.

यानंतर मेळघाट, यावल आणि मध्य प्रदेशातील काही वनांतूनही तो आढळला. परंतु ही सर्व स्थळे सातपुड्याच्या आश्रयाची. म्हणूनच तानसा अभयारण्यातील शोधाचे महत्त्व विशेष. मुंबईला 1892 पासून पाणी पुरविणाऱ्या तलावाभोवतीच्या, साग व ऐन यांच्या पानगळी रानात, महानगरापासून काही तासांच्या अंतरावर हा दुर्मिळ पक्षी राहत होता आणि कोणास त्याचा पत्ता नव्हता. या शोधाने त्याचे क्षेत्र पश्चिम घाटापर्यंत येऊन पोचले. 2018 साली त्याचा जागतिक दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ ऐवजी ‘संकटग्रस्त’ असा करण्यात आला, त्यामागे अशी नवनवी स्थळे आढळल्याचे कारण होते. तरी प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच मानली जाते.

आता नावाकडे वळू. मराठीत ‘पिंगळा’ हा शब्द लहान घुबडास लावतात, तसाच पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यासही. संस्कृतातील ‘पिङ्गल’ म्हणजे पिवळसर तांबूस. या लहान घुबडांच्या ओरडण्यावरून शकुन पाहण्याची प्रथाही जुनी. गावाकडच्या वडा-पिंपळावर राहणारा ठिपकेवाला पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. अडचण पुढे येते. इंग्रजीत ‘जंगल’ आणि ‘फॉरेस्ट’ या दोन शब्दांनी दोन भिन्न पिंगळे ओळखले जातात; मराठीत मात्र दोन्हींसाठी ‘रान’, ‘वन’, ‘जंगल’ यांपैकी कोणताही शब्द येतो. परिणामी एकाच्या यादीतील ‘रानपिंगळा’ दुसऱ्याच्या यादीत निराळाच पक्षी ठरू शकतो. पहिला पुष्कळ रानांत नित्य आढळणारा, दुसरा जगात दुर्मिळ! अशा दोन याद्या एकत्र करून बेरीज केल्यास काय हाती लागेल?

म्हणून नोंदीत नावासोबत खुणाही लिहिणे अगत्याचे. ठिपकेवाल्याच्या डोक्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात. जंगलातील सामान्य पिंगळ्याच्या सर्वांगावर बारीक आडवे पट्टे असतात. रानपिंगळ्याचे डोके मोठे व जवळजवळ निष्कलंक, छाती तपकिरी, पोटाचा मध्यभाग पांढरा, पंख व शेपटीवर ठळक पट्टे. शिवाय तो दिवसाउजेडी सरडे, उंदीर, टोळ यांची शिकार करतो व शेपटी झटकतो. आवाज हीदेखील मोठी खूण होय. परंतु ध्वनिमुद्रित आवाज वारंवार वाजवून त्यास उत्तर द्यावयास लावणे विणीच्या काळात पक्ष्यास बाधक ठरते. हा मोह नवशिक्यांनी टाळावा.

ढोलीत घरटे करणाऱ्या या पक्ष्यास जुनी, पोकळ झाडे हवीत. सरपणासाठी व वणव्यात प्रथम तीच जातात. त्यात भर घुबडाविषयीच्या भयाची व जादूटोण्यासाठी होणाऱ्या हत्येची. 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण कागदावर असले तरी ढोलीपाशी उभे राहत नाही.

तानसा तालुक्याच्या एका अंगास आहे. मुंबई-नाशिक मार्गाच्या दुसऱ्या अंगास शेणवा, किन्हवली आणि पुढे मुरबाडकडे रानांचे तुकडे पसरलेले आहेत. तेथील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी लोकांच्या बोलींत पिंगळ्यांना कोणकोणती नावे आहेत, ती किती पक्ष्यांत भेद करतात, याचे संकलन पक्षिगणनेच्या बरोबरीनेच व्हावयास हवे. रोज रानात जाणाऱ्या माणसास ‘रानपिंगळा पाहिलास का?’ असे ग्रांथिक शब्दात विचारल्यास ‘नाही’ हेच उत्तर मिळेल, आणि यादीत ते ‘पक्षी नाही’ असे उतरेल.